मारिओ 3 मधला तो एनवाला पत्ता, एकदाचा साफ केला

दोन चुका झाल्या की बाहेर. या एका नियमावर मी लहानपणापासून चिडून आहे आणि गेल्या महिन्यात त्या जोड्या लावायच्या खेळातले 18 च्या 18 पत्ते एकदाचे साफ केले म्हणून हे लिहायला बसलोय, कारण ज्यांनी ज्यांनी सुपर मारिओ ब्रदर्स 3 हा व्हिडिओ गेम खेळलाय त्यातल्या बहुतेकांनी हे अर्धवटच सोडलेलं असणार.

ज्यांनी फक्त पहिला मारिओ खेळलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. तिसऱ्यात नकाशा असतो, त्यावर चालत चालत स्टेज निवडायची, आणि मध्ये मध्ये नशीब आजमावायच्या जागा असतात. एक साधं इस्पिकचं घर, त्यात एका चित्राचे तीन आडवे तुकडे पळत असतात आणि ए बटण दाबून ते एकेक थांबवायचे, तिन्ही जुळून मशरूम झालं तर 2 लाईफ, फूल झालं तर 3, तारा झाला तर 5. ते मला कधीच अवघड गेलं नाही, सोडा. दुसरं म्हणजे इस्पिकच्या वर एन लिहिलेला पत्ता, तो नकाशावर कायमचा नसतो, तुमचे 80,000 गुण झाले की उगवतो, मग पुढच्या 80,000 ला परत. आत गेलं की सहा-सहाच्या तीन ओळींत 18 पत्ते पालथे घातलेले. दोन उघडा, सारखे निघाले तर बक्षीस, मशरूम, फूल, तारा, नाणी किंवा एक लाईफ. नाही निघाले तर एक चूक. दुसरी चूक झाली की खेळ बंद आणि तो पत्ता नकाशावरून गायब.

आता यात चांगली गोष्ट एकच, काढलेल्या जोड्या काढलेल्याच राहतात, पुढच्या वेळी उरलेल्या पत्त्यांपासून सुरुवात. पण फक्त मशीन चालू असेल तोपर्यंत. कॅसेटमध्ये सेव्ह नावाचा प्रकारच नव्हता.

आणि माझं सगळं घोडं इथेच अडलं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. 2004-05 ची गोष्ट, घरात टीव्ही गेम होता, पिवळी कॅसेट, आणि तेव्हाचं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना मी काय सांगणार. दुपारी जायची, संध्याकाळी यायची, परत जायची. वेळापत्रक पेपरात छापून यायचं, ताई ते कापून टीव्हीच्या कपाटाला आतून चिकटवायची आणि आम्ही त्याप्रमाणे खेळ आखायचो, म्हणजे सकाळी नऊला लाईट आली की लगेच बसायचं, दोन तासांत 80,000 करायचे, एन उघडायचा, त्याच्या आत चार पत्ते पाहून बाहेर पडायचं आणि परत गुण गोळा करत सुटायचं. मी रिमोट धरायचो, ताई वही. तिने वहीत तीन ओळी आणि सहा रकाने आखलेले असायचे आणि मी पत्ता उघडला की ती म, फू, ता असं लिहायची. वेळापत्रक पाळलं गेलं असतं तरी चाललं असतं हो! पण अकराला जाणारी लाईट साडेदहालाच जायची, आणि गेली की सगळं शून्य, गुण शून्य, पत्ते परत 18, आणि नव्याने सुरू केल्यावर पत्ते वहीतल्या चित्राप्रमाणे लागलेले असतील याचीही खात्री नाही, त्यामुळे ताईने आखलेली पानंच्या पानं वाया गेली.

मे महिन्याच्या सुट्टीत एकदा आम्ही खरंच जवळ गेलो होतो. तीन वेळा एन उघडून झाला होता, पाच जोड्या निघाल्या होत्या, उरलेल्या 8 पत्त्यांपैकी 5 ताईच्या वहीत होते. मी चौथ्या जगात होतो, जिथे कासवं-बिसवं सगळं अवाढव्य असतं, आणि गुण झाले होते 3,12,000. पुढचा एन 3,20,000 ला. आठ हजार, फक्त आठ हजार कमी. जेवायच्या वेळी आई म्हणाली बंद करा ते, अडॅप्टर किती तापलाय बघा, तर ताईने अडॅप्टरखाली स्टीलची ताटली ठेवली आणि टीव्ही बंद करून मशीन तसंच चालू ठेवलं. आम्ही भात संपवेपर्यंत लाईट गेली. वेळापत्रकाप्रमाणे अजून पाऊण तास होता. मी चप्पल न घालता वायरमनकाकांच्या घरी पळालो, ते म्हणाले, "बाळा, वरूनच गेलीय." वरून म्हणजे कुठून, कोणाला विचारायचं, याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही आणि तो राग माझ्या मनात जसाच्या तसा आहे. ताई वही घेऊन मागच्या दारात बसली आणि रडली. मी नंतर गेममधली बाकी सगळी जगं खेळलो, शेवटच्या खलनायकाला, बाउझरला हरवलं, पण तो पत्ता राहिला तो राहिलाच.

मध्ये बरीच वर्षं गेली. चुलतभावाने दुबईहून निन्टेंडोचा स्विच, म्हणजे नवीन गेम मशीन आणला, त्यात जुन्या गेम्समध्ये मारिओ 3 दिसला आणि मी बाकी काही न बघता तोच उघडला. इथे खेळ मध्येच थांबवून जसाच्या तसा ठेवता येतो. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं. रिवाइंड पण असतं पण ते मी वापरलं नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर चूक झाली की मागे घ्या, मग त्या पत्त्यात राहिलं काय.

तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. पहिल्या फेरीत जिंकायचा प्रयत्न करू नका. काहीच माहिती नसताना दोन चुका म्हणजे तुम्हाला चार पत्ते बघायला मिळणार, ते शांतपणे बघा आणि लिहून घ्या, डोक्यात ठेवतो म्हणू नका, पुढचा एन येईपर्यंत सात-आठ स्टेज होतात आणि नक्की विसरायला होतं. दुसऱ्या फेरीपासून, आधी माहीत असलेल्या जोड्या काढा, मग एक नवीन पत्ता उघडा, त्याचा जोडीदार माहीत असेल तर तोच घ्या, नसेल तर दुसराही नवीनच उघडा म्हणजे चूक झाली तरी दोन पत्ते कळतात. मशरूम आणि फुलांच्या एकापेक्षा जास्त जोड्या असतात त्यामुळे कुठलीही दोन मशरूमं चालतात, याच दोन मशरूमांची जोडी असं काही नसतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी आम्हाला तेव्हा कुणीच सांगितली नाही: पत्ते वाट्टेल तसे पिसलेले नसतात. मांडणीचे ठरलेले आठच प्रकार आहेत. आठ! म्हणजे ताईची पानं वाया गेलीच नव्हती, ती जपून ठेवली असती तर चार-सहा पत्त्यांवरून पुढचे सगळे ओळखता आले असते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीची सुरुवातच 1889 मध्ये क्योटोत हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवण्यापासून झालेली, आणि त्या पत्त्यांवर जपानात जुगार चालायचा, तेव्हा पत्ते कसे लावले की माणूस परत परत येतो हे त्यांना पक्कं माहीत असणार.

गुण पटकन वाढवायचे तर वेळ वाचवा, स्टेज संपल्यावर घड्याळात उरलेल्या प्रत्येक आकड्याला 50 गुण मिळतात, म्हणजे 200 उरले तर सरळ 10,000. मी नाणी गोळा करत बसायचो, तो वेळ फुकट गेला.

मला तीन फेऱ्या लागल्या. तिसऱ्यात हात थरथरत होता म्हणून मधला एक पत्ता चुकला, मग मी रिमोट खाली ठेवला, पाणी प्यायलो आणि वही परत वाचली. शेवटचे दोन पत्ते तर आपोआपच जोडी असतात, तरी ते उघडताना मी श्वास धरला होता. लगेच ताईला व्हिडिओ कॉल लावला. ती पोळ्या करत होती. म्हणाली, "शेवटची जोडी कुठली निघाली?" मी म्हटलं दहा नाणी. ती म्हणाली, "पान फाडू नकोस हां यावेळी," आणि फोन पोळपाटाला टेकवून मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

हां, एक राहिलं. गेममध्ये एक जादूची शिट्टी मिळते, पण एन हवा असेल तर ती वाजवून जगं ओलांडू नका. पुढे उडी मारली की मधल्या सगळ्या स्टेजचे गुण बुडतात आणि पत्ता लवकर उगवत नाही. आणि स्टेजच्या शेवटी जो पत्ता फिरत असतो ना, तिथे लांबून पूर्ण वेगात पळत येऊन उडी मारा, तारा मिळतो.