जुन्या सिल्व्हरॅडोचा इनटेक: दोनदा उघडला, दोनदा बसवला

माझी पिकअप २००४ ची शेवरोले सिल्व्हरॅडो १५००. इंजिन ५.३ लिटरचं व्ही-८, कागदावर २९५ हॉर्सपॉवर आणि ३३५ पाउंड-फूट टॉर्क. डेट्रॉइटच्या पश्चिमेला आम्ही राहतो. उन्हाळ्यात या गाडीमागे ट्रेलर लावून आय-७५ ने उत्तरेला, मॅकिनॅक पुलापलीकडे जायचं आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीचं मखर, पाट, मांडवाचे पाइप वाहायचे, ही तिची कामं. गेल्या दोन उन्हाळ्यांत ग्रेलिंग सोडून गेलॉर्डकडे चढ लागला की ती दम टाकायची. गिअरबॉक्स तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचा, इंजिन ओरडायचं आणि वेग काही वाढायचा नाही.

इनटेक मॅनिफोल्ड बदलायचं माझ्या डोक्यात खूप दिवस होतं. मॅनिफोल्ड म्हणजे थ्रॉटलमधून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेतून, आत आलेली हवा आठ सिलिंडरांना वाटून देणारा नळ्यांचा पेटारा. नळ्या किती लांब आणि किती रुंद, यावर इंजिन कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) जोर लावणार हे बरंचसं ठरतं. सिलिंडरच्या दारावरचा व्हॉल्व्ह बंद झाला की नळीतल्या हवेत दाबाची लाट उठते आणि मागेपुढे धावते. व्हॉल्व्ह पुढच्या वेळी उघडताना ती लाट नेमकी दारात असेल तर सिलिंडरमध्ये हवा थोडी जास्त कोंबली जाते. लांब नळीत ही वेळ कमी आरपीएमला जुळते, आखूड नळीत वरच्या आरपीएमला. ट्रकला खालून ओढ लागते, म्हणून त्याच्या नळ्या लांब आणि वळवलेल्या असतात. हे गणित मला फार आवडतं. स्पोर्ट्स कारचा इनटेक ट्रकला लावायचा मोह मी त्यामुळेच आवरला. शिवाय त्या इनटेकचं थ्रॉटल खाली असतं आणि ते ट्रकच्या वॉटर पंप व बेल्टच्या मांडणीला अडतं.

मी पैसे काढून ठेवले आणि कोल्हापूरच्या मित्राला फोन केला. तो इथे इंजिन कॅलिब्रेशनचंच, म्हणजे इंजिनच्या संगणकातले आकडे जुळवण्याचंच काम करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी गाडी काय म्हणतीय ते बघूया की. मॅनिफोल्ड काय पळून चाललाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी, मार्चमधल्या एका गोठलेल्या सकाळी, तो स्कॅनर घेऊन आला. थंड इंजिन सुरू केलं. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, फ्युएल ट्रिम अधिक १७ टक्के. म्हणजे संगणकाला मिश्रणात पेट्रोल कमी वाटत होतं आणि तो सतरा टक्के जास्त ओतत होता. अडीच हजार आरपीएमवर नेलं तर तोच आकडा जवळजवळ शून्यावर. ही व्हॅक्युम लीकची खूण आहे. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते. आयडलला एकूण हवा थोडी, म्हणून चोरटी हवा ठळक दिसते. आरपीएम वाढले की ती मोठ्या प्रवाहात बुडून जाते. संगणकाने साठवलेले बिघाडाचे कोड होते पी०१७१ आणि पी०१७४, इंजिनच्या दोन्ही बाजूंचं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असल्याचे. आणि तिसरा पी०३३२, मागच्या नॉक सेन्सरचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याची ठोक ऐकणाऱ्या सेन्सरचा.

हा तिसरा कोड मी वर्षभर पुसत आलो होतो. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला की कोड पुसायचा, कारण गाडी चालत होती. मित्राने लॅपटॉपवर स्पार्कचा आलेख दाखवला. नॉक सेन्सर गेला की संगणकाला इंजिनची ठोक ऐकू येत नाही. मग तो धोका पत्करत नाही आणि हलक्या पेट्रोलसाठीचा सावध तक्ता धरून स्पार्क मागे ठेवतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. चढावर जो जोर मी नव्या मॅनिफोल्डमध्ये शोधत होतो, त्यातला बराचसा तिथेच अडकून पडला होता.

तेव्हा मी ठरवलं की काम दोन टप्प्यांत करायचं. आधी इनटेक उघडून दुरुस्ती करायची आणि जुनाच मॅनिफोल्ड परत बसवायचा. दोन आठवडे चालवून मोजायचं, मग नवा. मित्राला हे पटलं, बायकोला नाही. "एकदाच उघड ना, गॅरेज किती दिवस अडवणार?" असं तिचं म्हणणं होतं. तेही बरोबरच होतं. पण दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने काय झालं ते मला कधीच कळलं नसतं.

पहिला टप्पा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. फ्युएल रेलवर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांच्या नळीवर, टायरच्या व्हॉल्व्हसारखा एक व्हॉल्व्ह असतो. त्यावर जाड फडकं धरून दाब सोडला. या गाडीत तो दाब साधारण ५८ पीएसआय असतो, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच. मग हवेचा पाइप, थ्रॉटलचा कनेक्टर, आठ इंजेक्टरांचे कनेक्टर, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत आत नेणारी), ब्रेक बूस्टरची नळी, पेट्रोलची लाइन. प्रत्येक जोडाचा फोटो काढला. बोल्ट सैल करण्याआधी व्हॅक्युम क्लीनरने मॅनिफोल्डच्या कडेची वीस वर्षांची माती, वाळकी पानं आणि उंदराने नेलेला कापूस ओढून घेतला. हे राहिलं तर मॅनिफोल्ड उचलताच सगळं सरळ व्हॉल्व्हवर पडतं. दहा बोल्ट, आठ मिलिमीटरच्या पान्ह्याचे. रेल आणि इंजेक्टरांसकट मॅनिफोल्ड एकटा माणूस उचलू शकतो. तो प्लास्टिकचा, म्हणजे नायलॉनचा असतो.

हेडची, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाची, तोंडं उघडी पडली की आधी त्यात स्वच्छ फडकी कोंबायची. ही तोंडं उंच आणि अरुंद आहेत, चर्चच्या खिडकीसारखी, म्हणून त्यांना कॅथीड्रल पोर्ट म्हणतात. जुनी गॅस्केटं, म्हणजे जोडातल्या हवाबंद करणाऱ्या पट्ट्या, हातात घेतली तर रबर लाकडासारखं कडक झालेलं. थंडीत ते आकसायचं आणि हवेला वाट द्यायचं, इंजिन तापलं की पुन्हा भरून यायचं. दिवा फक्त थंड सकाळीच का लागतो, ते तेव्हा उमजलं.

नॉक सेन्सर दोन आहेत, मॅनिफोल्डखालच्या दरीत, खोल खळग्यांत, वर रबरी टोप्या. मागच्या खळग्यातून पाणी आटलेलं दिसत होतं आणि सेन्सर गंजाने तांबडा झाला होता. आधी गंजाचा भुगा ओढून घेतला, मग २२ मिलिमीटरचं खोल सॉकेट लावून हळूहळू सोडवला. दोन्ही सेन्सर नवे घातले, त्यांची वायरही नवी, आणि मागच्या टोपीभोवती सिलिकॉनची छोटी कड उभारली, म्हणजे वरून ठिबकलेलं पाणी आत उतरणार नाही. मागे ऑइल प्रेशरचा सेन्सर असतो. मॅनिफोल्ड जागेवर असताना त्याच्यापर्यंत हात पोचणं फार अवघड, म्हणून तोही आताच बदलला. (२००७ पासूनच्या पिढीत नॉक सेन्सर ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला नेले आहेत.)

आता घट्ट करण्याचं. या दहा बोल्टांना पहिल्या फेरीत ४४ आणि दुसऱ्या फेरीत ८९ इंच-पाउंड लागतात, मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या टोकांकडे जात. इंच-पाउंड! ८९ इंच-पाउंड म्हणजे जेमतेम साडेसात फूट-पाउंड, १० न्यूटन-मीटर. माझा टॉर्क पान्हा चाकांच्या नटांसाठीचा, तो सुरूच वीस फूट-पाउंडांपासून होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांची अख्खी हयात मोटारीच्या कारखान्यात गेली. त्यांच्याकडून छोटा पान्हा मागून आणला. ते स्वतःही आले, स्टुलावर बसले आणि प्रत्येक बोल्टची टकटक ऐकत राहिले. सहाव्या बोल्टला मी क्रम चुकवणार होतो, तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

थंड इंजिनच्या आयडलवर ट्रिम आता अधिक ४ टक्के. स्पार्क जागेवर आला. ट्रेलर लावून घराजवळच्या चढावर गेलो आणि खरं सांगतो, मला भरून आलं. गॅस्केट, दोन सेन्सर, एक वायर, एवढ्या सामानात मला माझी जुनी गाडी परत मिळाली होती. एका वर्कशॉपमध्ये डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून घेतली आणि तो आलेख जपून ठेवला.

तरीही दुसरा टप्पा केला. मोठ्या तोंडाचा मॅनिफोल्ड वरच्या आरपीएमला काय देतो ते मला माझ्याच इंजिनवर पाहायचं होतं. बाहेरच्या बनावटीचा नवा मॅनिफोल्ड महाग पडतो. मी भंगार यार्डातून पुढच्या पिढीच्या ५.३ चा मॅनिफोल्ड आणला, रेल आणि इंजेक्टरांसकट. ट्रेलब्लेझर एसएस या शेवरोलेच्याच एसयूव्हीला असायचा त्याच घडणीचा. इथे दोन गोष्टी नीट बघाव्या लागतात. २००७ साली जुन्या रचनेची सिल्व्हरॅडोही "क्लासिक" नावाने विकली जात होती, तेव्हा नुसतं साल पाहून उपयोग नाही. आणि त्या काळातल्या ६.२ लिटरच्या इंजिनांची तोंडं चौकोनी आहेत, त्यांचा मॅनिफोल्ड आपल्या हेडवर बसत नाही. मी गॅस्केटचा ठसा पुठ्ठ्यावर काढून खिशात ठेवला होता आणि यार्डात तोच लावून पाहिला.

बोल्ट जागच्या जागी बसतात, बाकी काहीच बसत नाही. माझं थ्रॉटल ७८ मिलिमीटरचं, तीन बोल्टांचं. या मॅनिफोल्डचं तोंड चार बोल्टांचं आणि बरंच मोठं. नव्या पिढीचं इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल माझ्या संगणकाला सरळ जोडता येत नाही, म्हणून मधे अ‍ॅडॅप्टर पट्टी घालून जुनंच थ्रॉटल ठेवलं. मॅप सेन्सर मागून पुढे आलेला, त्याच्या तीन वायरी डाग देऊन लांबवल्या. इंजेक्टरांची उंची आणि कनेक्टर वेगळे, तिथे आठ जोडण्या. इंजेक्टर बदलले म्हणजे संगणकाला त्यांचा प्रवाह सांगावा लागतो. ते न सांगता गाडी चालवली तर सगळं मिश्रण चुकतं. मित्राने दोन रविवार गाडीत बसून हे आकडे भरले. मी चालवत होतो, तो लॅपटॉपवर डोळे लावून "जरा दाब... आता सोड" असं सांगत होता.

पहिल्या दिवशी आयडल अकराशेवर अडकलं आणि कुठूनतरी बारीक शिट्टी यायला लागली. बोल्ट पुन्हा तपासले, नळ्या तपासल्या, काही सापडेना. शेवटी धूर सोडायचं यंत्र भाड्याने आणून इनटेकमध्ये धूर भरला. अ‍ॅडॅप्टर पट्टीच्या खालच्या कडेतून पांढरी रेघ निघाली. बसवताना मी तिचं गॅस्केट चिमटलं होतं. घाई माझीच. पट्टी काढली, नवं गॅस्केट घातलं, शिट्टी थांबली.

पुन्हा तोच डायनो. चार हजार आरपीएमच्या खाली दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या. त्यावर नवी रेघ वर सरकत गेली आणि टोकाला चाकांवर नऊ हॉर्सपॉवर जास्त. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि थ्रॉटल जुनंच असताना याहून जास्त मिळायची अपेक्षा नव्हती. ट्रेलर ओढताना इंजिन दोन ते साडेतीन हजारांत असतं, तिथे मला दुसऱ्या टप्प्याने काहीही दिलं नाही. हायवेवर शिरताना, पाय पूर्ण दाबला तर ती नऊ हॉर्सपॉवर जाणवतात, आणि मला त्यांचा आनंद होतो.

कायद्याचंही पाहिलं. मिशिगनमध्ये ठराविक मुदतीने धूर तपासणी नसते, पण उत्सर्जनाची यंत्रणा काढून टाकणं देशभर बेकायदेशीर आहे. म्हणून पीसीव्ही, पेट्रोलची वाफ परत घेणारी इव्हॅप लाइन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळं जसंच्या तसं जोडलं. कॅलिफोर्नियात असतो तर तिथल्या हवा मंडळाची परवानगी असलेलाच भाग लावावा लागला असता.

फोटो पाहून नाशिकचा मावसभाऊ विचारू लागला, "दादा, माझ्या बोलेरो पिकअपला असं काही करता येईल का?" तो द्राक्षं वाहतो. त्याला म्हटलं, तुझं इंजिन डिझेल आणि टर्बोचं, तुझा रोग वेगळा. ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात आणणारी यंत्रणा, तिच्यातून येणारी काजळी आणि ब्रीदरच्या नळीतून येणारं तेल मिळून मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर बसतो, नळीचं तोंडच लहान होतं. तुझ्या मिस्त्रीला मॅनिफोल्ड उतरवून तो थर काढायला सांग, ईजीआर व्हॉल्व्ह साफ कर, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळ्यांना चीर आहे का बघ. मोठा मॅनिफोल्ड शोधू नकोस. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल अंगाशी येतो. महिन्याने त्याने फोटो पाठवला: बोटभर जाडीचे काळे पापुद्रे वर्तमानपत्रावर पसरलेले आणि खाली लिहिलेलं, "घाटात तिसऱ्यावर चढली."

माझा जुना मॅनिफोल्ड धुऊन, तोंडांना टेप लावून गॅरेजच्या फळीवर ठेवला होता. नोव्हेंबरात पहिली थंडी पडली आणि शेजारचे गृहस्थ दारात आले. त्यांच्या मुलाच्या ट्रकचं इंजिनही हेच, त्याला पी०१७१ आला होता आणि मॅनिफोल्डच्या कोपऱ्याला तडा गेला होता. मी फळीवरून माझा काढून दिला. त्यांनी जाताना छोटा पान्हा मागितला, तो अजून माझ्याकडेच होता.