तांब्यापासून थोरियमपर्यंत, पायी

२७ ऑगस्ट २०१९, पहाटेचे साडेतीन. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळाचे सर्व्हर जगभर एकाच क्षणी उघडणार होते. म्युनिकला ताईच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे बारा वाजत होते आणि पुण्यात मी दिवा न लावता, आईची झोप मोडू नये म्हणून हेडफोन घालून बसलो होतो. मूळ खेळ आला नोव्हेंबर २००४ मध्ये. तेव्हा आमच्या घरी इतका वेळ चालू ठेवता येईल असं इंटरनेट नव्हतं, त्यामुळे तो आम्ही फक्त सायबर कॅफेतल्या मोठ्या मुलांच्या खांद्यांवरून पाहिला. पंधरा वर्षांनी तेच जुनं जग पुन्हा उघडत होतं. ताई फोनवर म्हणाली, "हे बघ, एक ठरवू. लिलावघरातून काही विकत घ्यायचं नाही. जे लागेल ते स्वतः शोधून आणायचं. चालेल?"

चालेल म्हणालो. पुढचे चार महिने त्या एका शब्दावर गेले, आणि माझा सगळा प्रवास त्या शब्दामुळेच घडला.

या खेळात प्रत्येक पात्राला दोन मुख्य व्यवसाय शिकता येतात. मी ड्वार्फ, म्हणजे बुटक्या डोंगरी जमातीचा योद्धा घेतला आणि खाणकाम व लोहारकाम शिकलो. ताईने वनस्पती गोळा करणं आणि अल्केमी, म्हणजे रसायनविद्या घेतली. दोन्हीकडे कौशल्याचा आकडा १ पासून ३०० पर्यंत चढतो. तो चढवायचा तर सतत काहीतरी बनवत राहावं लागतं, आणि बनवायला माल लागतो. नाणी मोजली तर तो माल लिलावघरात, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात मिळतोच. तिथे विकणाऱ्याकडून पाच टक्के कापले जातात, घेणाऱ्याला फक्त एक बटण दाबायचं असतं. मला आज साठाव्या लेव्हलपर्यंतच्या मोहिमा सलग आठवत नाहीत. पण कोणत्या डोंगराच्या कोणत्या सोंडेखाली लोखंड सापडलं, ते डोळे मिटूनही दाखवता येईल.

सुरुवात डन मोरो या ड्वार्फांच्या मुलखात, बर्फात झाली. खारानोस हे लहानसं गाव, समोर पांढरे उतार, मधूनमधून देवदार. पाठीवरच्या पिशवीत एक टिकाव. खाणकाम शिकलं की एक विद्या मिळते, ती चालू केली की कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर जवळच्या खनिजाचा पिवळा ठिपका दिसतो. मग त्या ठिपक्याकडे चालत जायचं. तिथे पोचल्यावर कळतं की ठिपका कड्याच्या पलीकडे आहे, आणि वळसा घालावा लागतो. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. किल्ला समोर दिसत असतो आणि वाट मात्र मागून असते. दोन-तीन दिवसांतच माझी नजर बदलली. गावं, रस्ते, तळी यांच्याकडे लक्ष जाईना. नजर थेट डोंगराच्या पायथ्याकडे जाऊ लागली, कारण तांबं तिथेच उगवतं, कड्याला चिकटून.

तांब्याची शीर एका घावात संपत नाही. दोन-तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा टिकाव मारावा लागतो, आणि दरवेळी कौशल्य वाढण्याची शक्यता असते. सोबत ओबडधोबड दगड निघतात. त्यांचे धार लावायचे दगड करायचे, ही लोहारकामातली पहिली पायरी. मग तांब्याचे पट्टे. एका पट्ट्याला दहा तांब्याच्या कांड्या लागतात! आयर्नफोर्ज या डोंगराच्या पोटातल्या ड्वार्फांच्या राजधानीत, मोठ्या भट्टीपाशी मी ते बनवायला बसलो तेव्हा ऐरणीवर पडणाऱ्या हातोड्याचा आवाज हेडफोनमध्ये एका लयीत येत राहिला. आमचं घर कसबा पेठेत, तांबट आळीपासून चालत पाच मिनिटांवर. लहानपणी शाळेला जाताना तिथल्या घराघरांतून तांब्यावर पडणारे ठोके ऐकत गेलो आहे. घंगाळ, बंब, हंडे. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचं अंतर कधीच चुकत नसे. आयर्नफोर्जच्या डोंगराच्या पोटात, वितळलेल्या धातूच्या उजेडात उभं राहून मला ती आळी आठवली आणि त्या संध्याकाळी मी मोहिमेवर गेलोच नाही. तिथेच थांबून सगळं तांबं संपवलं.

खाणकाम ६५ ला पोचलं की कथील काढता येतं. त्यासाठी डोंगर ओलांडून लॉक मोदानला जावं लागतं. बर्फ संपतो, हिरवळ लागते, मोठं तळं दिसतं आणि त्याच्या एका टोकाला ड्वार्फांनी बांधलेलं प्रचंड धरण. कथील हा शब्द आमच्या पिढीने शेवटचा ऐकला असेल. आजीकडे कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, नवसागराचा तो पांढरा झोंबणारा धूर, आणि पितळेच्या पातेल्यात फडक्याने फिरवलेलं कथील. क्षणात पातेलं आतून चांदीसारखं उजळायचं. खेळात कथिलाचं एकट्याने फारसं काही होत नाही. एक कांडी तांबं आणि एक कांडी कथील मिळून दोन कांड्या कासं होतं. खऱ्या काशात कथील याहून बरंच कमी असतं, पण खेळ बनवणाऱ्याने तांबं आणि कथील हीच जोडी घेतली, याचं मला फार बरं वाटलं. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "आजीची कासंडी आठवते का रे? मी पायाला तूप लावून काशाची वाटी घासायचे तिच्या."

आठवते.

कधीकधी कथिलाच्या जागी चांदीची शीर दिसते. ती काढायला खाणकाम ७५ लागतं. पहिली चांदी दिसली तेव्हा माझं ७३ होतं. मी परत गेलो, दोन आकडे वाढवून आलो, तोवर ती कुणीतरी नेली होती.

लॉक मोदानहून उत्तरेला डन अल्गाझचे बोगदे उतरले की वेटलँड्स. दलदल, मगरी आणि चाळिसाव्या लेव्हलपर्यंत घोडा नाही, म्हणजे सगळं पायी. इथे मी मेलो, भूत होऊन स्मशानातून पळत शरीरापर्यंत आलो, पुन्हा मेलो. मेनेथिल हार्बरला पोचलो तेव्हा ताई माझ्या आधी तिथे आलेली होती, आणि ती समुद्रात होती. स्ट्रँगलकेल्प नावाचं शेवाळ समुद्राच्या तळाशी उगवतं. त्यासाठी श्वास धरून बुडी मारायची, मुळाशी हात घालायचा आणि दम संपायच्या आत वर यायचं. मी धक्क्यावर बसून राहिलो. ती खाली जाई, वर येई, खाली जाई. पाऊण तास आम्ही काही बोललो नाही. मी पुण्यात, ती म्युनिकमध्ये. माणसाच्या शेजारी नुसतं बसून राहण्याची मुभा मला दुसऱ्या कोणत्या खेळात मिळाली नव्हती.

लोखंडाला खाणकाम १२५ हवं. ते अराथीच्या गवताळ पठारावर सापडतं, पण मी जास्त रमलो शिमरिंग फ्लॅट्समध्ये. मेनेथिलहून जहाजाने थेरामोर, तिथून दलदलीतून, मग शत्रूच्या म्हणजे होर्डच्या मुलखातून, आणि शेवटी सुळक्यांच्या दरीतून दक्षिणेला. समोर एकदम मिठाचं सपाट मैदान उघडतं. दूरवर काही नाही. मध्यभागी नोम आणि गॉब्लिन यांची शर्यतीची धावपट्टी. लोखंड मात्र मैदानात नाही, ते कडेच्या भिंतीला. मी भिंतीच्या कडेने एक फेरी मारायचो, सुमारे वीस मिनिटांची, आणि फेरी संपेपर्यंत पहिल्या जागी कधीकधी नवी शीर आलेली असायची. हिरव्या लोखंडाच्या मनगटपट्ट्यांना प्रत्येकी सहा कांड्या लोखंड आणि एक हिरवा रंग लागतो. लोखंड आणि कोळसा मिळून पोलाद होतं. कोळसा दुकानात मिळतो. दुकानदाराकडून घेतलेलं आमच्या कराराबाहेर धरायचं, असं आम्ही ठरवून घेतलं होतं, कारण कोळसा खणायची सोयच खेळात नाही.

लोहारकाम २२५ च्या पुढे न्यायचं तर त्या काळच्या नियमाप्रमाणे बूटी बेच्या गुरूकडे जावं लागे. रॅचेटहून जहाज पकडलं. समुद्री चाच्यांचं लाकडी गाव, खाडीभोवती माळ्यांवर बांधलेलं. शिकलो, निघालो.

मिथ्रिल या पुढच्या धातूसाठी बॅडलँड्स गाठलं. लॉक मोदानच्या दक्षिणेकडच्या खिंडीतून जावं लागतं, त्यामुळे मधे जुन्या ओळखीच्या कड्यांपाशी थांबणं झालं. जिथे दोन महिन्यांपूर्वी माझं ७३ होतं, त्या चांदीच्या जागेवर आता कथील होतं. ते मला उपयोगाचं नव्हतं. शेजारी एक नवा, दहाव्या-बाराव्या लेव्हलचा ड्वार्फ चार जनावरांशी लढत होता. त्याला सोडवलं आणि ती शीर तशीच ठेवून पुढे गेलो. खाणकाम करणाऱ्यांत एक अलिखित रीत आहे. शिरेपाशी कुणी लढत असेल तर ती शीर त्याची. तो लढत असताना मागून येऊन टिकाव मारणं हे मी केलेलं नाही, माझ्याशी झालेलं आहे, आणि त्याचा राग अजून आहे. एका शिरेत असतं काय, तीन-चार खडे. पण त्या माणसाने कुणाच्या तरी कष्टाचा क्षण नेलेला असतो.

चाळिसाव्या लेव्हलला एडका घेतला. ड्वार्फ घोड्यावर नाही, एडक्यावर बसतात. खारानोसच्या पूर्वेला त्यांचा गोठा आहे. पैसे मी धातू विकून जमवले होते, विकायला आमच्या करारात मनाई नव्हती. पहिल्या दिवशी डन मोरोच्या सगळ्या तांब्याच्या जागांवरून नुसता एडका पळवत फिरलो.

आणि मग उन्गोरो.

तानारिसचं वाळवंट पश्चिमेकडे ओलांडलं की जमीन खाली कोसळते आणि एका प्रचंड विवरात उतरण लागते. वर वाळू, खाली घनदाट जंगल, वाफा, डायनोसॉर, मधोमध धुमसणारा ज्वालामुखी. थोरियमची लहान शीर २४५ ला फुटते, मोठी २७५ ला, आणि दोन्ही इथे विवराच्या बाहेरच्या भिंतीलगत असतात. भिंत डाव्या हाताला ठेवून चालत राहिलं की एक पूर्ण वर्तुळ होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं, ज्वालामुखी सतत उजव्या हाताला असतो. म्हणजे मी रोज रात्री त्याला प्रदक्षिणा घालत होतो. आईला हे सांगितलं तेव्हा तिने किती झाल्या ते विचारलं. मोजायला सुरुवात केली ती त्या दिवसापासून. चौऱ्याऐंशी झाल्या.

इथे भीती आहे ती डेव्हिलसॉरची. घराएवढा प्राणी, पण पाऊल वाजत नाही. तुम्ही शिरेकडे तोंड करून टिकाव मारत असता आणि पडद्यावर सावली येते तेव्हा उशीर झालेला असतो. मी त्याच्याकडून इतक्या वेळा मेलो की टिकाव मारताना दर घावानंतर कॅमेरा मागे फिरवायची सवय लागली.

डिसेंबरातल्या एका रात्री दक्षिणेच्या भिंतीला मोठी शीर दिसली. पोचलो तर एक टॉरेन, म्हणजे बैलमुखी जमातीचा खेळाडू, होर्डचा, साठाव्या लेव्हलचा, तिच्यावर टिकाव मारत होता. आमचा सर्व्हर दोन्ही बाजूंना एकमेकांना मारायची मुभा असलेला. मी छप्पन. मी थांबलो. त्याने काहीतरी लिहिलं, पण विरुद्ध पक्षाचं बोलणं खेळ मुद्दाम परक्या भाषेत बदलून दाखवतो, त्यामुळे मला होर्डच्या ऑर्किश भाषेतली नुसती निरर्थक अक्षरं दिसली. मग त्याने टिकाव खाली घेतला, एक पाऊल मागे सरकला आणि हात हलवला. शीर अजून शिल्लक होती. मी पुढे गेलो, दोन घाव मारले, मागे सरकलो. त्याने एक मारला. माझ्या वाट्याला आलेल्या खड्यांत एक आर्केन क्रिस्टल निघालं, जे थोरियममध्ये क्वचितच मिळतं. त्याला ते दिसलं असेल की नाही, माहीत नाही. मी वाकून नमस्कार केला. त्यानेही केला, आणि आम्ही भिंतीच्या कडेने उलट दिशांना निघालो.

गॅजेटझॅनमध्ये एक गॉब्लिन थोरियमच्या कांड्या घेऊन इम्पीरियल प्लेट चिलखत बनवायचे आराखडे देतो. ते सगळे मिळवून मी परत आयर्नफोर्जला आलो, कारण शेवटचे घाव मला मोठ्या भट्टीपाशीच घालायचे होते. ३०० झालं तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते.

ताई अजून जागी होती. तिच्याकडे आर्केनाइट हा धातू बनवायची विद्या होती. एक थोरियमची कांडी आणि एक आर्केन क्रिस्टल एकत्र करून ते बनतं, आणि अल्केमीवाल्याशिवाय ते कुणाला जमत नाही. टॉरेनने सोडलेल्या शिरेतलं क्रिस्टल आणि माझी एक कांडी मी पाकिटात घातली. खेळातलं टपाल पोचायला एक तास लागतो. मी चहा केला. सव्वासहाला परतीचं पाकीट निघाल्याचा तिचा निरोप आला. सव्वासातला टपालपेटी उघडली तेव्हा त्यात आर्केनाइटची एक कांडी होती, आणि पाकिटावर तिने लिहिलं होतं, "कल्हई नीट बसली आहे. बघून घे."

ती कांडी मी अजून कशातही वापरलेली नाही.