सोडियमला काही द्यायची घाई नसते

उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: 'सोडियमच्या अणूला अष्टक पूर्ण करायचं असतं, म्हणून तो आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो.' अष्टक म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आणि या वाक्याला गुण देताना दरवेळी माझा हात जरा अडखळतो. मुलं खालच्या वर्गात तसंच शिकून आलेली असतात, त्यांना दोष देता येत नाही. पण सोडियमचा अणू आपण होऊन काहीही देत नाही. हे एकदा पटलं की रासायनिक बंध म्हणजे नेमकं काय ते समजायला लागतं.

आकडेच बघा. वायुरूपातल्या एकट्या सोडियम अणूचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला प्रतिमोल (मोल म्हणजे अणू मोजण्याचं ठरावीक एकक) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते; हिलाच आयनन ऊर्जा म्हणतात. म्हणजे तो ओढूनच काढावा लागतो. त्याआधी घन धातूचे अणू सुटे करायला १०७ किलोज्यूल मोजावे लागतात, आणि क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडून एक मोल सुटे अणू मिळवायला आणखी सुमारे १२२. झाले ७२५. क्लोरीनच्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की परत काय येतं? फक्त ३४९. वाण्याच्या वहीत मांडलं तर हा व्यवहार ३७६ किलोज्यूल तोट्याचा आहे, आणि इथेच थांबलं तर मीठ कधी तयारच होणार नाही.

तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीत. इलेक्ट्रॉन गमावलेले धन आयन आणि इलेक्ट्रॉन मिळवलेले ऋण आयन एकमेकांकडे ओढले जातात आणि एक जाळी रचतात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. ही जाळी बनताना ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ३७६ वजा केले की ४११ उरतात, आणि मीठ बनण्याचं खरं कारण हे ४११ आहेत. खडेमिठाचा एखादा चांगला खडा भिंगाखाली धरून पाहा. काटकोनात कापलेल्या सपाट बाजू आणि कडेला बारीक चौकोनी पायऱ्या दिसतात. आतली रचना अशी बाहेर आलेली असते. त्या खड्यात 'एक सोडियम आणि एक क्लोरीन' अशी सुटी जोडी कुठेच नसते, हे मी मुलांना भिंग हातात देऊनच सांगते.

मग संयुजा इलेक्ट्रॉनांचं, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचं, काम काय? ते ठरवतात की खर्च कुठपर्यंत परवडेल. सोडियमचं संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, २, ८, १. पहिला इलेक्ट्रॉन ४९६ किलोज्यूलमध्ये निघतो. दुसरा काढायला ४५६२ लागतात, कारण तो आतल्या कवचातला आहे, केंद्रकाच्या जवळ. एवढी किंमत कोणतीही जाळी फेडू शकत नाही, म्हणून सोडियमची संयुजा (बंधासाठी वापरता येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या) एकावर थांबते. मॅग्नेशियमचं उदाहरण मला याहून आवडतं. पहिला ७३८, दुसरा १४५१, तिसरा एकदम ७७३३. दोन इलेक्ट्रॉनांचे मिळून २१८९ किलोज्यूल काही कमी नाहीत, पण दुप्पट प्रभाराच्या आयनांची मॅग्नेशियम ऑक्साइडची जाळी सुमारे ३८०० किलोज्यूल परत देते. ती जाळी इतकी घट्ट असते की मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, तर हे ऑक्साइड २८०० अंशांच्याही पुढे. तक्त्यातली ती एक उडी, १४५१ वरून ७७३३ वर, म्हणजे संयुजा कवचाची हद्द. कवचांची चित्रं काढण्याआधी मुलांनी ही उडी पाहावी असं मला मनापासून वाटतं, कारण चित्र हे प्रारूप आहे आणि उडी मोजलेली आहे.

सहसंयुज बंधाचा हिशेबही ऊर्जेचाच, फक्त तिथे इलेक्ट्रॉन पूर्णपणे इकडून तिकडे जात नाही. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की दोन्ही इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकांचं आकर्षण मिळतं आणि ४३६ किलोज्यूल मोकळे होतात. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली इलेक्ट्रॉनांच्या जोडीची ही कल्पना मांडली आणि ठिपक्यांची पद्धत दिली. आपण अजून त्याच ठिपक्यांनी फळा भरतो.

आता क्रियाशीलता. आमच्या प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं असतं. चिमट्याने तुकडा काढायचा, गाळणकागदावर टिपायचा आणि सुरीने कापायचा. कापलेली बाजू लखलखीत रुपेरी दिसते, आणि मागच्या बाकावरची मुलं पुढे येईपर्यंत ती काळवंडायला लागलेली असते. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) घातलेल्या पाण्यात सोडला की तो स्वतःच्याच उष्णतेने वितळून गोळी होतो, कारण सोडियम ९८ अंशांनाच वितळतं. गोळी फसफसत पाण्यावर धावते आणि मागे गुलाबी रेघ सोडत जाते. (घरी हे अजिबात करू नये. वर्गातही काचेआडून.) पोटॅशियम घेतलं तर पाण्याला लागताच जांभळट ज्योत पेटते. लिथियम मात्र संथपणे बुडबुडे सोडत राहतं.

कारण सांगताना आपण म्हणतो, पोटॅशियमचा संयुजा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात, केंद्रकापासून लांब, म्हणून सहज निघतो. आयनन ऊर्जाही तेच सांगतात: लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९. पण पाण्याबरोबरच्या अभिक्रियेत लिथियम प्रतिमोल सोडियमपेक्षा जास्त ऊर्जा बाहेर टाकतं! शेवटी किती मिळणार, यापेक्षा इलेक्ट्रॉन किती झटकन सुटतो आणि धातू किती लवकर वितळून नवा पृष्ठभाग पाण्याला देतो, यावर ते दृश्य ठरतं.

प्राग इथल्या संशोधकांनी २०१५ साली हे फार सुंदर दाखवलं. सोडियम-पोटॅशियमच्या द्रवरूप मिश्रधातूचा थेंब त्यांनी पाण्यात सोडला आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. मिलिसेकंदाच्या आतच थेंबातून धातूचे काटे चहूबाजूंनी बाहेर फेकले गेले. पृष्ठभागावरच्या अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन क्षणात पाण्यात गेले, मागे राहिलेले धन आयन एकमेकांना ढकलू लागले आणि थेंब फुटला. या अभिक्रियेत सुटून पेटलेला हायड्रोजन एवढंच स्फोटाचं कारण आहे असं आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो.

अष्टक झालं की अणू तृप्त, हा समज तर १९६२ सालीच मोडला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये नील बार्टलेट प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडवर काम करत होते. हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन खेचून घेतं असं त्यांना आढळलं. ऑक्सिजन रेणूची आयनन ऊर्जा ११७५ किलोज्यूल. तक्ता पाहताना त्यांच्या लक्षात आलं की झेनॉनची, म्हणजे सहसा कशाशीच अभिक्रिया न करणाऱ्या एका राजवायूची, ११७० आहे. मग झेनॉन का नाही? त्यांनी गडद लाल बाष्प आणि रंगहीन झेनॉन एकत्र येऊ दिले आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. आठ इलेक्ट्रॉनांचं भरलेलं कवच असलेल्या राजवायूचं ते संयुग होतं. बार्टलेट यांनी अष्टक मोजलं नाही, ऊर्जा मोजली.

म्हणून हल्ली मी अकरावीचा हा धडा नियमाने सुरू करत नाही. फळ्यावर मूलद्रव्याचं नाव न लिहिता क्रमाने चार आयनन ऊर्जा लिहिते आणि विचारते, उडी कुठे आहे, संयुजा इलेक्ट्रॉन किती, गण (आवर्तसारणीतला उभा स्तंभ) कोणता, ऑक्साइडचं सूत्र काय येईल. तुम्हीही करून पाहा आणि उत्तर खाली लिहा: ५७८, १८१७, २७४५, ११५७७.