तुम्ही विचारलंत म्हणून: मसल कार पेट्रोलनं संपवल्या का?

"एवढ्या जबरदस्त गाड्या यांनी बंद का केल्या हो? पेट्रोल महागलं म्हणूनच ना?"

भारतातून आलेले पाहुणे ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक बघतात आणि हमखास हे विचारतात. खरं तर त्यांना नुसतं 'हो' ऐकायचं असतं, म्हणजे पुढच्या गाडीबरोबर फोटो काढायला मोकळे. पण माझं पोट इंजिनांच्या कामावर चालतं, त्यामुळे 'हो' म्हणून गप्प बसवत नाही. पेट्रोल महागलं हे खरंच आहे. पण तोवर या गाड्यांचं, म्हणजे मधल्या आकाराच्या अंगात दांडगं इंजिन असलेल्या मसल कारचं, जवळजवळ आटोपलं होतं.

अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं ते ऑक्टोबर १९७३ मध्ये. आता ज्या गाडीपासून मसल कारचा जमाना सुरू झाला असं बहुतेक जण मानतात, त्या पॉन्टिॲक जीटीओचा खप बघा. १९६६ मध्ये ९६,९४६. १९७० मध्ये ४०,१४९. १९७१ मध्ये १०,५३२ आणि १९७२ मध्ये ५,८०७. गिऱ्हाईक आधीच निघून गेलं होतं, आणि तेव्हा पंपावर रांगा वगैरे काही नव्हत्या.

जीटीओचा जन्मच मुळात नियमाला बगल देऊन झाला. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा, मोठं इंजिन बसवायचं नाही असाही दंडक होता. त्यातल्याच पॉन्टिॲक या विभागाची सारी प्रतिष्ठा शर्यतींवर उभी होती. तिथले मुख्य अभियंता जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या माणसांनी पळवाट शोधली: नवीन मॉडेल काढायचं नाही, टेम्पेस्ट लमॅन्स या सरळमार्गी गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून द्यायचं. ऑप्शनला वरिष्ठांची परवानगी लागत नव्हती. किंमत सुमारे २९५ डॉलर जास्त, ताकद ३२५ हॉर्सपॉवर, आणि तीन कार्ब्युरेटरवाला संच घेतला तर ३४८. पाच हजार गाड्या काढून बघू म्हणाले, १९६४ च्या पहिल्याच वर्षात ३२,४५० खपल्या. मग दंडक कोण पाळणार!

गणित सोपं होतं. मोठ्या गाडीचं इंजिन, मधल्या आकाराचं अंग, आणि पहिल्या नोकरीतल्या पोराला परवडेल अशी किंमत. १९६८ ची प्लिमथ रोड रनर हे त्याचं सर्वांत निर्मळ उदाहरण: ३८३ घनइंचांचं, ३३५ हॉर्सपॉवरचं इंजिन, आत अगदी साधी बाकासारखी सीट, आणि किंमत २,८९६ डॉलर. गालिचाचे पैसे वाचवले, पण कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले, हॉर्नही त्याच्यासारखा 'बीप बीप' वाजणारा बसवला. मला ही गाडी लिलावात भरमसाट किमतीला जाणाऱ्या हेमीपेक्षा, म्हणजे क्रायस्लरच्या त्या दांडग्या इंजिनाच्या गाडीपेक्षा, जास्त आवडते. तिला कसला आव नाही.

पण नेमकं ते पोरगंच विमा कंपन्यांच्या नजरेत भरलं. पंचविशीच्या आतला अविवाहित मुलगा आणि वजनाच्या मानानं अवाढव्य इंजिन, ही जोडी दिसली की हप्त्यावर जादा आकार लागायचा. काहींना विम्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्याच्या तोडीला जाऊ लागला. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी मग कागदावर ताकद कमी दाखवायचा सपाटा लावला. फोर्डचं ४२८ कोब्रा जेट कागदोपत्री ३३५ हॉर्सपॉवरचं होतं, पण ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या, पट्टीवर त्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. विमा कंपन्याही काही दुधखुळ्या नव्हत्या.

दुसरा घाव शिशाचा, आणि माझ्या मते खरा घाव हाच. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं घालत, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, जास्त असलं की इंजिन नॉक करतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके देतं, आणि शिसं ते थांबवतं. पण धुरातलं विष मारणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशानं निकामी होतो. प्रदूषणाचे कडक नियम येणार हे दिसत होतं. हवेच्या प्रदूषणाचा तो कायदा १९७० च्या अखेरीस झालाच. त्याआधीच जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी जाहीर केलं होतं की १९७१ पासून आमची इंजिनं कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतील. कमी ऑक्टेनचं पेट्रोल लवकर नॉक करतं, म्हणजे कॉम्प्रेशन उतरवणं आलं, आणि त्याबरोबर ताकदही उतरणार. गंमत अशी की शेवरलेचं १९५५ चं प्रसिद्ध छोटं व्ही-८ इंजिन ज्यांच्या देखरेखीखाली घडलं, ते हेच कोल.

त्याच इंजिनाचं ३५० घनइंची रूप शेवरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. १९७० मध्ये ताकद ३००. १९७१ मध्ये कॉम्प्रेशन १०.२५ वरून ८.५ वर आलं आणि ताकद २७० झाली. १९७२ मध्ये २००! इथे मात्र फसू नका. या शेवटच्या उडीत इंजिनाचं फारसं काही बिघडलं नव्हतं, मोजायची रीत बदलली होती. पूर्वी इंजिन उघडं बांधून, एअर क्लीनर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर असली ओझी न लावता मोजत. आता सगळ्या लवाजम्यासकट मोजू लागले. पण शोरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला हे कोण समजावणार? त्याला ३०० चे २०० झालेले दिसले. क्रायस्लरचं ४२५ हॉर्सपॉवरचं हेमी तर १९७१ नंतर यादीतूनच गेलं.

मग आला तेलाचा फटका. गॅलनला चाळीस सेंटच्या आत असलेलं पेट्रोल वर्षभरात पंचावन्नच्या आसपास गेलं, रांगा लागल्या. डोळ्यांसमोर रांगा राहिल्या म्हणून दोषही तिथेच जाऊन बसला.

आणि तरीही पेट्रोलच कारण म्हणायचं असेल, तर पॉन्टिॲकच्याच ट्रान्स ॲम या दांडग्या गाडीचं काय करायचं ते मला सांगा. १९७२ मध्ये, स्वस्त पेट्रोलच्या दिवसांत, ती फक्त १,२८६ खपली. १९७९ मध्ये, इराणमधल्या क्रांतीनंतर पुन्हा पंपावर रांगा लागलेल्या असताना, १,१७,१०८. एका लोकप्रिय सिनेमाचा त्यात हात होता, कबूल. बॉनेटवर भलाथोरला पक्षी रंगवलेला असे, आणि खाली बहुतेक गाड्यांत ओल्डस्मोबिल या जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या विभागाकडून आणलेलं १८५ हॉर्सपॉवरचं इंजिन.