क्लास ४७: चटणी, एक बरणी

जून संपत आला की आमच्या दाराच्या पत्रफटीतून एक पिवळं चोपडं आत पडतं. वहीच्या निम्म्या आकाराचं, मधोमध दोन पिना मारलेलं. गावच्या फुला-भाज्यांच्या प्रदर्शनाचं हे 'शेड्यूल'. नाव शेड्यूल असलं तरी वेळ-तारीख पहिल्या पानावरच संपते आणि उरलेली बावीस पानं नुसते नियम असतात, एकेका 'क्लास'चे, म्हणजे स्पर्धेतल्या गटाचे. कांदे तीन, माना सुतळीनं बांधलेले. बटाटे पाच. गाजरं तीन, पाला साडेसात सेंटिमीटरवर छाटलेला. मटाराच्या शेंगा नऊ, देठासकट. आणि शेंगेवर जी पिठूळ, मेणासारखी झाक असते ती बोटं लागून पुसलेली नसावी, म्हणून शेंग देठालाच धरून खुडायची. पहिल्या वर्षी हे वाचून मी मोठ्यानं हसलो होतो. आता मटार सोलायला घेतले तरी आधी शेंग उजेडात धरून बघतो.

आम्ही इंग्लंडमध्ये, सॉमरसेटमधल्या या गावात राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. बायकोची नोकरी जवळच्या शहरातल्या रुग्णालयात, माझं काम घरून. मूळ गाव लातूर. इथे शंभरेक घरं, एक चर्च, एक पब, रविवारी अजिबात न येणारी एक बस. दुकान होतं, ते आम्ही यायच्या आधीच बंद पडलं. चौकात टेलिफोनची लाल पेटी आहे. अशा पेट्या टेलिफोन कंपनीनं एकेका पौंडाला गावांना देऊन टाकल्या. आमच्या पेटीत आता पुस्तकं असतात. पलीकडे व्हिलेज हॉल. आत शिरताना डाव्या हाताला पितळी पाटी आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या नऊ जणांची. सॉमरसेटमध्ये स्टॉकलिंचसारखी काही गावं अशी आहेत की त्या युद्धावर गेलेले सगळेच्या सगळे जिवंत परतले. त्यांना 'थँकफुल' गावं म्हणतात. आमचं गाव त्यांतलं नाही. पाटीवरच्या नावांपैकी दोन आडनावं पिवळ्या चोपड्यातही सापडतात: एक गुलाबांच्या चषकावर, दुसरं लीक नावाच्या कांदापातीसारख्या भाजीच्या.

सुरुवातीला मला ही माणसं कोरडी वाटली. लातुरात नवा भाडेकरू सामान उतरवत असतानाच 'कुठले तुम्ही, मुलंबाळं किती, घर स्वतःचं का भाड्याचं' एवढं सगळं होऊन चहा येतो. इथे तीन महिने सगळे माझ्याशी फक्त पावसाबद्दल बोलले. मग सतरा जानेवारीच्या रात्री पबमागच्या सफरचंदाच्या बागेत 'वसेल' आहे असं फळ्यावर वाचलं आणि गेलो. हाडं गोठवणारी थंडी. बागेतल्या सगळ्यांत जुन्या झाडाभोवती माणसं गोळा झालेली. सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या दारूत, बुडवलेले पावाचे भाजके तुकडे फांद्यांना अडकवले, बुंध्याशी सायडर ओतली, झाडाला उद्देशून गाणं म्हटलं आणि मग वाईट शक्तींना पळवून लावायला आकाशात बंदुकीचे बार काढले. माझ्या डोळ्यांपुढे येळवस उभी राहिली. अमावस्येला शेतात कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, आणि मडक्यातली अंबील शिवारभर शिंपडत, ओरडत फिरणारे काका. मी शेजारच्या माणसाला म्हणालो, "आमच्याकडेही शेताला पाजतात." तो म्हणाला, "पाजायलाच पाहिजे." एवढंच. पण पावसाखेरीजचं आमचं ते पहिलं बोलणं.

हा माणूस म्हणजे आमचे शेजारी. वय पंच्याऐंशी. गावात लहानथोर सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारतात. मला ते अजून जमत नाही. समोर असले की मी नाव टाळून 'हॅलो'वर भागवतो, आणि घरात आम्ही त्यांना आजोबा म्हणतो. तर गेल्याच्या गेल्या जुलैत आजोबा कुंपणावरून वाकून म्हणाले, "यंदा काही मांडणार का?"

मी म्हटलं, माझ्या हातून काही उगवत नाही. टोमॅटो लावले होते, ते गोगलगायींनी नेले.

त्यांनी खिशातून चोपडं काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि बोट ठेवलं. "सत्तेचाळीसला काही उगवावं लागत नाही."

क्लास ४७. चटणी, एक बरणी.

आता लातूरच्या माणसाला चटणीचं आव्हान द्यायचं म्हणजे काय! मी आजोबांकडे जरा दयेनंच पाहिलं असणार. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शेंगदाणे मंद आचेवर भाजले, टरफलं चोळून पाखडली. लसूण, जिरं, मीठ आणि आईनं पाठवलेलं तिखट घातलं. मिक्सरला हात लावला नाही. दगडी खलबत्ता आहे, त्यात तासभर कुटली, शेंगदाण्याचं तेल सुटून चटणीचा मुटका वळेपर्यंत. मधेच आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, घरात फरश्या बसवताय का?

बरणीचे नियम वेगळे होते, ते मी नीट वाचले नाहीत. शनिवारी सकाळी आठ वाजता हॉलमध्ये पोचलो तर गावातली निम्मी माणसं आत, आणि बोलतंय कुणीच नाही. इस्पितळात बोलतात तसलं कुजबुजणं. एक गृहस्थ कांद्यांच्या माना एकसारख्या वळतायत, एक बाई व्हिक्टोरिया स्पंज केकवर पिठीसाखर नव्हे, बारीक दाणेदार साखर भुरभुरतायत. पिठीसाखर घातली तर गुण गेले. मधे रास्पबेरी जॅमच हवा, क्रीम चालत नाही. आणि केक गार करायला ठेवतात त्या जाळीच्या रेघा वर उमटल्या असल्या तर संपलंच. मला वाटतं, आमच्या आजीनं सोवळ्यातही एवढे नियम पाळले नसतील.

चटण्या-मुरंब्यांच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. माझी बरणी हातात घेतली आणि झाकण पाहून त्यांचा चेहरा पडला. बरणी मेयोनेजची होती, झाकणावर कंपनीचं नाव ठळक. कंपनीच्या नावाचं झाकण चालत नाही. त्यांनी टेबलाखालून बुटांचा एक खोका ओढला; आत वीसेक कोरी झाकणं. त्यांतलं बरोबर मापाचं शोधून लावलं आणि काही न बोलता खोका परत आत सरकवला. मग लेबलवरची तारीख पाहिली.

"काल?"

"एकदम ताजी," मी छाती काढून म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी दही आजच विरजलंय आणि आजच ताक मागतोय. पण बोलल्या काही नाहीत. लाल पेननं एका कार्डावर मोठ्या अक्षरांत 'शेंगदाणे आहेत' एवढं लिहून बरणीला टेकवलं.

साडेदहाला सगळ्यांना बाहेर काढून दारं लावतात. परीक्षक बाहेरगावचे असतात, म्हणजे कुणाचा मावसभाऊ नको. भाज्यांचे वेगळे, फुलांचे वेगळे, आणि स्वयंपाकघराच्या क्लासना विमेन्स इन्स्टिट्यूटकडे तयार झालेल्या बाई. ही बायकांची संस्था इकडे १९१५ साली वेल्समधल्या एका गावात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात साखर मोजून मिळायची तेव्हा, १९४० साली, सरकारनं यांना जॅमसाठी वेगळी साखर दिली, झाडाखालचं फळ वाया जाऊ नये म्हणून. त्यांनी ठिकठिकाणच्या हॉलांमधून आणि स्वयंपाकघरांतून टनावारी जॅम केला. ज्यांच्या आज्यांनी असा हिशेबानं जॅम आटवला, त्या बाया बरणीचं झाकण उघडताना आधी कान देऊन ऐकतात: हवा सुटल्याचा आवाज आला का? माझ्या बरणीचा कसला येतोय.

दोन वाजता दारं उघडली. पहिल्याला लाल कार्ड, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला पिवळं. माझ्या बरणीपुढे पांढरी चिठ्ठी आणि तीन अक्षरं: एन, ए, एस. मराठी डोकं, ते सुटं वाचेलच कशाला? मी वाचलं 'नास'. म्हटलं, अरे देवा, एका रात्रीत नासली की काय! आजोबांनी समजावलं. 'नॉट अ‍ॅज शेड्यूल'. शेड्यूलप्रमाणे नाही. म्हणजे वाईट नाही, चांगली नाही, ती स्पर्धेत नाहीच. खाली परीक्षक बाईंचं बारीक अक्षर: 'चव उत्तम. परंतु ही चटणी नव्हे.'

संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग काय आहे म्हणे ती? वरण?"

मला खरंच लागलं होतं, हसण्यावारी नेलं तरी. शब्द आमचा. कंपनी सरकारच्या काळात साहेब आमच्याकडून घेऊन गेला. आणि आता मलाच सांगतायत! पण मग त्या टेबलावर लाल कार्ड मिळालेली बरणी पाहिली. काळपट तपकिरी, दाट. सफरचंद, कांदा, बेदाणे, गूळकट साखर आणि भरपूर व्हिनेगर, दोन तास रटरटवलेलं. पळी ओढली की भांड्याच्या तळाशी वाट पडून राहावी इतकं. मग दोन-तीन महिने मुरत ठेवायचं, नाहीतर व्हिनेगर घशात बोचतं. इथे सप्टेंबरात वाऱ्यानं पडलेल्या सफरचंदांचा खच होतो, ऑक्टोबरात टोमॅटो पिकायचेच राहतात, आणि पुढे सहा महिने अंधार. त्या अंधारात चीजबरोबर खायला काहीतरी हवं. आपली चटणी सकाळी वाटून दुपारी संपवायची, यांची पुढच्या नाताळासाठी. पोरगी परमुलखात दिली, दोनशे वर्षं तिकडच्या हवेत नांदली. माहेरच्यानं ओळखली नाही तर तिनं तरी काय करावं?

प्रदर्शन संपलं की मांडलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, पैसे हॉलच्या छपराला. पबचे मालक टेबलावर चढून लिलाव पुकारतात. दुधीएवढं एक मॅरो, भोपळ्याच्याच जातीतलं, एका पौंडाला गेलं. लाल कार्डवाले कांदे दोन पौंड. माझी बरणी हातात घेऊन ते म्हणाले, "ही चटणी नाही. काय आहे ते कुणालाच माहीत नाही. पन्नास पेन्स?" लोक हसले, मीही. आणि मग चर्चच्या घंटा वाजवायला जाणाऱ्या एक बाई आणि आमचे आजोबा यांच्यात चुरस लागली. एक पौंड, दोन, तीन. आजोबांनी साडेचारला सोडवली. कांद्यापेक्षा दुपटीनं, हे मी आईला दोनदा सांगितलं.

पंधरा दिवसांनी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर तीच बरणी ठेवलेली. घासून लखलखीत, रिकामी. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे तरी घालतात, म्हणून मला जरा चमत्कारिक वाटलं. दोन दिवसांनी आजोबांनी विचारलं, "बरणी मिळाली का?" मिळाली म्हटलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, पाऊस येईल म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "नाही, बरणी मिळाली ना, म्हणून विचारलं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच रात्री खलबत्ता काढला. ते टोस्टवर चीज वितळवून त्यावर भुरभुरतात, असं नंतर कळलं. बघवत नाही, पण खाऊन बघितलं आणि आता आम्हीही तसंच खातो.

परवा यंदाचं पिवळं चोपडं आलं. सवयीनं सत्तेचाळीसवर गेलो. 'चटणी, एक बरणी. किमान तीन महिने मुरलेली. झाकणावर नाव नसावं.' आणि त्याखाली एक नवी ओळ, ठळक टायपात: 'चटणी शिजवलेली असावी.'

बायकोला दाखवलं. ती एवढी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मी चोपडं घेऊन कुंपणाशी गेलो. आजोबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, मान डोलावली. म्हणाले, याआधी नवा नियम घातला तो झाकणाचा. तो कुणामुळे घालावा लागला हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मी विचारलं, कुणामुळे? त्यांनी नुसतं हॉलच्या दिशेनं पाहिलं आणि बीनच्या वेलाला पाणी घालायला लागले. मला एकदम तो बुटांचा खोका आठवला.

स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात, पिठाच्या डब्यामागे, एक बरणी आहे. गेल्या ऑक्टोबरात आजोबांच्या वेलांवर न पिकता राहिलेले हिरवे टोमॅटो, दोन तास रटरटवलेले. झाकण कोरं. लेबलवर तारीख. बायकोनं दोनदा चव मागितली, मी दिलेली नाही.