आमची वाटचाल: भोसरीतली लॅब आणि झोपलेले जीन्स

माझे बाबा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटरवर शिफ्ट करायचे, त्यामुळे हॅमायसिन हे नाव मी लहानपणापासून ऐकलंय. बुरशीवरचं औषध, तिथेच सापडलेलं, आणि ते बनवणाऱ्या बॅक्टेरियाचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

2002 मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सेलिकलरचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून आला, 86 लाखांहून जास्त अक्षरांचा, आणि त्यात असे कंपाऊंड बनवणारे 20 च्या वर जीन क्लस्टर, म्हणजे शेजारी बसून मिळून काम करणाऱ्या जीन्सचे गट, निघाले, तोवर लॅबमध्ये इतकी वर्षं वाढवूनसुद्धा त्यातले मोजकेच माहीत होते. म्हणजे बाकीचे झोपलेले. ते वाचलं आणि डोक्यातून गेलंच नाही, शेवटी मी आणि वर्गमित्राने भोसरीत दोन खोल्या घेतल्या.

पहिला धडा महागात पडला. आमच्या बॅक्टेरियाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचणं, स्वस्तातलं केलं, छोटे छोटे तुकडे वाचणारं, शॉर्ट रीडचं, तर जीनोम शेकडो तुकड्यांत आला आणि तुटला तो नेमका आम्हाला हव्या त्या क्लस्टरमध्येच, कारण पीकेएस जीन्समध्ये (असे कंपाऊंड जोडत नेणारे मोठे एन्झाइम बनवणारे जीन्स) एकसारखे मॉड्यूल, म्हणजे भाग, पुन्हा पुन्हा येतात, कुठला तुकडा कुठे जोडायचा ते सॉफ्टवेअरला कळत नाही. पुन्हा पैसे जमवून लांब तुकडे वाचणारं लाँग रीड केलं तेव्हा अख्खा क्लस्टर एका ओळीत दिसला, त्या रात्री झोप नाही लागली.

पण जीन दिसले म्हणून कंपाऊंड बनतंच असं नाही. मीडिया, म्हणजे बॅक्टेरियाचं खाद्य, बदलून बघितला, सोयापेंड, ग्लिसरॉल, हरभऱ्याचं पीठ, तापमान खालीवर, महिनोनमहिने काही नाही. मग एका फ्लास्कमधून कॅन्डिडा या बुरशीच्या प्लेटवर स्वच्छ झोन, म्हणजे बुरशी न वाढलेला गोल, आला, आम्ही घरी फोन करून सांगितलं, आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूचं वजन मोजून तो ओळखायची पद्धत) कळलं की हे कंपाऊंड जुनंच आहे, दुसऱ्याच क्लस्टरचं. आठ महिने गेले. मित्र दोन दिवस लॅबला आला नाही.

तेव्हापासून आमचा नियम, अँटिस्मॅश या क्लस्टर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने काढलेला प्रत्येक क्लस्टर आधी माहीत असलेल्या क्लस्टरांशी ताडून बघायचा, आणि प्लेटवर झोन आला की सगळ्यात आधी त्याचं वजन मास स्पेक्ट्रोमेट्रीत तपासायचं, आनंद नंतर. खर्च निघतो तो कॉलेजांना आणि छोट्या कंपन्यांना जीनोम वाचून देण्यातून, औषध अजून एकही नाही.

तो पहिला क्लस्टर सोडलेला नाही. अख्खा उचलून आता दुसऱ्या, पटकन वाढणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये टाकलाय, मंगळवारी प्लेट बघायच्या आहेत.