बिनसाखरेचं गोड आणि ॲलर्जी: पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं

घरात कुणाला मधुमेह आहे आणि त्याच माणसाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जीही आहे, अशा वेळी साखरेचा पर्याय घेताना आपण पाकिटावरचं ठळक नाव वाचतो: स्टीव्हिया, सुक्रालोज, मंक फ्रूट. त्रास देणारी वस्तू बहुतेक वेळा मागच्या बाजूला असते.

साधा हिशोब करून बघा. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड. चहातल्या 5 ग्रॅम साखरेएवढी गोडी यायला ते जेमतेम 8 मिलिग्रॅम पुरतं. एवढीशी कणी चिमटीत धरता येत नाही, म्हणून गोळी किंवा पुडी बनवताना भर घालावीच लागते. ही भर म्हणजे लॅक्टोज, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, एरिथ्रिटॉल किंवा इन्युलिन. निवड करायची ती या भरीकडे बघून.

दुधाबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. ज्यांना लॅक्टोज पचत नाही, त्यांना गोळीतल्या काही मिलिग्रॅम लॅक्टोजने सहसा काही होत नाही. पेलाभर दुधात ते 9-10 ग्रॅम असतं. पण ज्यांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी लॅक्टोज हे दुधापासूनच काढलेलं असतं हे महत्त्वाचं, कारण त्यात प्रथिनांचा अंश उरू शकतो. ॲलर्जी तीव्र असेल तर लॅक्टोजची गोळी नकोच. त्यापेक्षा सुक्रालोजचे थेंब घ्या. त्यांत भर बहुधा पाण्याची असते. तरी घटकांची यादी वाचूनच.

गहू चालत नसेल तर माल्टोडेक्स्ट्रिनला घाबरायचं फारसं कारण नाही, ते बहुतेक मक्याचं असतं. ‘माल्ट’ किंवा ‘बार्ली माल्ट’ लिहिलेलं मात्र बाजूला ठेवा.

स्टीव्हिया ही सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. शेवंती, झेंडू आणि आपल्याकडे रस्तोरस्ती माजलेलं गाजर गवत, सगळी त्याच कुळातली. शुद्ध केलेल्या पांढऱ्या अर्काने ॲलर्जी झाल्याचं क्वचितच आढळतं. पानांची हिरवी पूड म्हणजे अख्खी वनस्पती. गाजर गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा दमा उसळतो, त्यांनी हिरवी पूड टाळावी आणि पांढरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. इन्युलिन हे बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढतात आणि चिकोरीही याच कुळातली, म्हणून स्टीव्हियाच्या पुडीत इन्युलिनची भर आहे का तेही बघा.

गूळ मधुमेहात पर्याय नाहीच, रक्तातली साखर त्यानेही वाढते. दम्याच्या माणसासाठी आणखी एक धोका आहे. पिवळाधमक रंग यावा म्हणून गुळात कधी कधी ‘हायड्रोस’ नावाचं रसायन घालतात, आणि त्यातून उरलेल्या सल्फाइटने काहींचा दमा उसळतो.

2020 च्या लेबल नियमांनुसार दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट वेगळं नमूद करावं लागतं. या यादीत तीळ नाहीत! त्यामुळे तिळाची ॲलर्जी असलेल्याने फक्त ‘कंटेन्स’ची ओळ वाचून थांबू नये, सगळे घटक वाचावेत. सुट्या ‘शुगर फ्री’ मिठाईवर तर वाचायलाच काही नसतं. अंजीर रोल उचलायला तोच चिमटा, काजू कतलीलाही तोच. सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर अशी सुटी मिठाई घेऊच नका.

स्वयंपाकात एरिथ्रिटॉल बरं, पण त्याची गोडी साखरेच्या साधारण 70 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम साखरेच्या जागी 140 ग्रॅम लागतं. थंडीत ते साखरेपेक्षा कमी विरघळतं. श्रीखंडात खडे तसेच घातले तर फ्रिजमधून काढल्यावर जिभेला बारीक रवा लागतो आणि तोंडात पेपरमिंटसारखा गारवा येतो. मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं बारीक करा, निम्मंच घाला आणि उरलेली गोडी सुक्रालोजच्या थेंबांनी भरून काढा. चिक्कीचा पाक त्याचा होत नाही, थंड झाला की पांढरा फुटतो. ॲस्पार्टेम उकळत्या खिरीत घातलं तर गोडी जाते; ते गॅस बंद करून, खीर जरा निवल्यावर घाला. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ॲस्पार्टेम चालत नाही.

मधुमेह नसून फक्त ॲलर्जी असेल, विशेषतः लहान मुलाला, तर साखर बदलूच नका. साधी पांढरी साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोज असते आणि तिची ॲलर्जी अतिशय दुर्मिळ. तिच्या जागी मध किंवा बदामाचं काही आणलं की नवा धोका घरात येतो. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध द्यायचाच नाही.

नवीन वस्तू एका वेळी एकच, सकाळी, अगदी थोडी. सणाच्या ताटात नको, कारण तिथे कशाने झालं ते कळत नाही. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल अशा साखरेच्या पर्यायांनी पोट फुगणं किंवा जुलाब होणं ही ॲलर्जी नव्हे, प्रमाण कमी केलं की थांबतं. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, घसा आवळला, श्वासात शिट्टी वाजू लागली, तर ताबडतोब दवाखाना. आधी कधी असा तीव्र झटका आला असेल तर हा प्रयोग घरी करूच नका, डॉक्टरांसमोरच करा. आणि पूड बरणीत ओतली तरी पाकीट फेकू नका, त्यावरची घटकांची यादी कापून बरणीला चिकटवा. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टर आधी तीच मागतील.